सासऱ्यांची गाडी आणि वीस थाऊ

क्रँकशाफ्टला बेअरिंगं कोणती घ्यावीत या विषयावर माझ्याइतका सखोल विचार केलेला माणूस आमच्या वजनमापे कार्यालयात दुसरा सापडणार नाही. ही फुशारकी नव्हे. बाकी कुणावर त्या विषयाचा विचार करायची वेळच आली नाही, हेही मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

क्रँकशाफ्ट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सहा महिन्यांपूर्वी मलाही ठाऊक नव्हतं. इंजिनात पिस्टन वर-खाली नाचतात, त्या नाचाचं गोल फिरणं करणारा जो वाकडातिकडा लोखंडी दांडा असतो तो क्रँकशाफ्ट. तो ज्या पातळ, अर्धगोल वाट्यांमध्ये तेलावर तरंगत फिरतो ती बेअरिंगं. दांडा आणि वाटी यांच्यात फट हवी. फट जास्त झाली तर तेल पळून जातं आणि इंजिन खडखडतं. कमी झाली तर दांडा वाटीला धरून बसतो आणि इंजिन कायमचं गप्प होतं. ही फट असते दोन-अडीच थाऊंची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे साधारण डोक्यावरच्या केसाएवढी फट, आणि माझ्या डोक्यावर तर आता उदाहरणापुरतेच केस राहिले आहेत.

तर गाडी माझ्या सासऱ्यांची. फिकट निळी, पस्तीस वर्षं जुनी. डोळे अधू झाले तेव्हा सासऱ्यांनी गाडीची किल्ली हिच्या हातात दिली. मुलाच्या हातात नाही. हा मुद्दा माझा मेव्हणा अजून विसरलेला नाही. ही चालवायला शिकली ती त्याच गाडीवर. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला सासऱ्यांनी हिला सोडलं ते त्याच गाडीतून. लग्नानंतर आमच्या घरी पोचवायला आले तेही त्याच गाडीतून, आणि परत जाताना गल्लीच्या टोकाला गाडी उभी करून दहा मिनिटं नुसते बसून होते, असं हिला नंतर दूधवाल्याने सांगितलं.

गेल्या वर्षी इंजिन खडखडू लागलं, मग एके दिवशी तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी आमच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली गेली. तेव्हापासून सासरे मेव्हण्याच्या घरी खिडकीशी बसून असतात. मेव्हण्याच्या नव्या गाडीत बसायला तयार होत नाहीत. म्हणतात, "तिचा आवाजच येत नाही. चालू आहे की बंद, ते तरी कळायला नको?"

जुन्या गाड्यांना दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयाचा योग्यतेचा दाखला लागतो. आमचा दाखला सहा महिन्यांनी, तीस तारखेला संपत होता. त्याआधी गाडी चालत्या स्थितीत तपासनिसासमोर उभी केली नाही, तर नोंदणी रद्द आणि पुढचा मुक्काम भंगारात. मेव्हणा भंगारवाल्याचा फोन नंबर घेऊनच आमच्याकडे चहाला आला होता.

"भाऊजी, तुमच्या आवारातली जागा तरी मोकळी होईल," तो म्हणाला.

ही काहीच बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा आमच्या घरात भिंतीसुद्धा सावध होतात. मग कप उचलता उचलता एवढंच म्हणाली, "बाबांना त्यात बसवून एकदा फिरवून आणायचं होतं. एकदाच."

त्या 'एकदाच'ने माझ्या आत काहीतरी हललं. आणि माझं आत काही हललं की बाहेर तोंड सुटतं, हा जुना दोष आहे. मी म्हणालो, "एकदाच कशाला? इंजिन मी नव्याने बांधून घेतो. आणि नुसतं दुरुस्त नाही हं. चांगलं दणदणीत ताकदीचं. टेकडीच्या चढावर याच्या नव्या गाडीला धूळ चारली नाही तर नाव लावणार नाही."

मेव्हणा हसला नाही. त्याने माझ्याकडे बघत शांतपणे एक बिस्कीट खाल्लं. हसला असता तर परवडलं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण शब्द गेला होता. पुढच्या आठवड्यात इंजिन गाडीतून निघालं आणि आमच्या गॅलरीत येऊन बसलं. इंजिन खोलणं अगदी सोपं असतं. जे जे फिरतं ते फिरवायचं, जे निघतं ते काढायचं, आणि डब्यात टाकून डब्यावर चिठ्ठी लावायची. आईने नंतर डबे पुसताना चिठ्ठ्या काढून ठेवल्या, पण तो भाग वेगळा. ताकद वाढवण्यासाठी मी उंच डोक्याचे पिस्टन मागवले आणि ते येईपर्यंत बेअरिंगांकडे वळलो.

आता बेअरिंग घ्यायचं म्हणजे आधी क्रँक मोजायला हवा, एवढं मलाही कळत होतं. वजनमापे खात्यात मी बावीस वर्षं काढली आहेत. हिचं म्हणणं, त्या बावीस वर्षांत मी शिक्के मारले, मोजलं काहीच नाही. हे अर्धसत्य आहे. शिक्के मोजून मारावे लागतात.

आमच्या कार्यालयात काचेच्या कपाटात एक मायक्रोमीटर आहे. थाऊपर्यंत मोजणारं नाजूक यंत्र, मखमलीच्या पेटीत ठेवलेलं. ते घरी न्यायला मी तीन प्रतींत अर्ज केला. 'वापराचे कारण' या रकान्यात 'वैयक्तिक क्रँक' असं लिहिल्यामुळे अर्ज चार दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. पाचव्या दिवशी साहेबांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. खुलासा केल्यावर अर्ज पुढे सरकला, तेव्हा भांडारपालांना आढळलं की मायक्रोमीटरचा स्वतःचा पडताळणी दाखला तीन वर्षांपूर्वीच संपला आहे. म्हणजे गावातल्या प्रत्येक दुकानदाराच्या तराजूला दंड करणाऱ्या आमच्या कार्यालयातलं मापच बेकायदा! मग ते वरच्या कार्यालयात गेलं, तिथून पडताळून आलं, आणि अठराव्या दिवशी मी ती पेटी छातीशी धरून घरी आणली. घरच्यांना गॅलरीत जमवलं. मायक्रोमीटर क्रँकला लावलं.

ते लागलंच नाही. त्याचं तोंड एक इंच उघडत होतं. क्रँक दोन इंचांहून जाड होता.

"मोठा आ करायला सांग त्याला," आई म्हणाली. ती दातांच्या डॉक्टरकडून नुकतीच आली होती.

शेवटी क्रँक गोणपाटात गुंडाळून मी मिस्त्रींकडे नेला. मिस्त्री म्हणजे क्रँक घासणारे. त्यांच्या दुकानात एक लांबलचक यंत्र, भिंतीला टेकलेले चाळीसेक क्रँक आणि एक स्टूल, एवढाच पसारा. त्यांनी माझ्या क्रँकवरून अंगठा फिरवला आणि तोंडाने 'च्च' केलं.

"ओरखडे आहेत. घासायला लागेल. नंबर लागायला चार-साडेचार महिने. घासून झाला की या, मग बेअरिंगचं बघू."

साडेचार महिने! मी हातावर हात धरून बसणाऱ्यांतला नाही. क्रँक घासून होईपर्यंत बेअरिंगं निवडून हातात ठेवायची, म्हणजे वेळ वाचेल, असा सुज्ञ विचार मी केला. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं वेळ वाचवण्यातून आलेली आहेत.

निवड करायची म्हणजे जाणकारांचा सल्ला हवा. आमच्या वरच्या मजल्यावर बोटीवरचे काका राहतात. तीस वर्षं मोठमोठ्या जहाजांवर इंजिनिअर होते, त्यामुळे खोलीपेक्षा लहान यंत्राला ते इंजिन मानत नाहीत. गॅलरीतलं आमचं इंजिन बघून त्यांनी आधी "बाकीचं कुठंय?" असं विचारलं. मग म्हणाले, "डोळे मिटून तीन धातूंचं घ्या. खाली पोलाद, मध्ये तांबं, वर शिशाचा मऊ थर. ताकदीच्या इंजिनाला दुसरं काही चालतच नाही. कचऱ्याचा कण आला तर मऊ थरात रुतून बसतो, क्रँकला खरचटतसुद्धा नाही."

समोरच्या घरात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक राहतात. त्यांना हे जिन्यात कळलं. ते तडक आत आले आणि आमच्या वीजबिलाच्या पाठीवर आलेख काढू लागले. "तो मऊ थर अर्धा थाऊ जाड असतो, अर्धा! तो झिजला की काय करणार? अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. वर्षानुवर्षं जातं. ही बघा रेषा." रेषा खरोखर वर जात होती. ते वीजबिल पुढे भरायचं राहिलं आणि आम्ही दोन दिवस पंख्याविना काढले, पण आलेख फार सुरेख होता.

झालं. काका सकाळी येऊन अ‍ॅल्युमिनियमची निंदा करायचे, प्राध्यापक संध्याकाळी येऊन शिशाची. दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. एक लिफ्टमध्ये असला की दुसरा जिन्याने जायचा, आणि दोघांचे गुडघे सारखेच दुखत असल्यामुळे इमारतीत सहानुभूतीही वाटली गेली. दोघांच्याही गाड्या गावातल्या गॅरेजवाल्याकडे जातात आणि दोघांनीही उभ्या आयुष्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही, हे मला आईकडून कळलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली. मात्र एव्हाना मी या विषयात इतका मुरलो होतो, की कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत माझी छोटी व्याख्यानं होऊ लागली. सहकारी लवकर जेवून उठू लागले, त्याअर्थी त्यांना विचार करायला एकांत हवा असावा.

अखेर मी काकांच्या बाजूने कौल दिला. तीन धातूंची, अठरा वाट्या, शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसली. पार्सल आलं तेव्हा मी कार्यालयात होतो. ते आईने घेतलं.

आईविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, घासलेल्या आणि घासायच्या, असा तिचा सिद्धान्त आहे. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ओट्यावर स्वच्छ पंचा अंथरलेला होता आणि त्यावर ओळीने अठरा वाट्या पालथ्या-उताण्या मांडलेल्या होत्या. लखलखीत. नव्या तांब्याच्या भांड्यासारख्या गुलाबी.

"अरे, काय माल पाठवतात लोक!" आई कौतुकाची वाट बघत म्हणाली. "नवीन म्हणे, आणि मेल्या काळ्याकुट्ट. तारेच्या घासणीने दुपारभर घासल्या, तेव्हा कुठे आतलं तांबं दिसायला लागलं. नुसत्या घासणीने पुरतं निघेना, म्हणून शेवटी पावडर लावली."

तो मऊ थर. तो धुळीचा कण रुतवणारा, काकांनी तीस वर्षं समुद्रावर पूजलेला, अर्धा थाऊ जाडीचा थर आमच्या मोरीतून वाहून गेला होता.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई म्हणाली, "घासलं तरी राग, नाही घासलं तरी कळकट," आणि देवासमोर जाऊन बसावं तशी दूरदर्शनसमोर जाऊन बसली. आमचा चार दिवस अबोला चालला. पाचव्या दिवशी, यांतलं काही वाचवता येतं का ते विचारायला, मी अठराच्या अठरा वाट्या घेऊन मिस्त्रींच्या दुकानी गेलो.

मिस्त्रींनी एक वाटी उजेडात धरली. "कोणी घासली?"

"आईने."

"हात चांगलाय त्यांचा," ते आदराने म्हणाले. मग त्यांनी वाटी उलटी करून पाठीवरचा बारीक आकडा वाचला. दुसरी उलटली. तिसरी उलटली. "ही तर स्टँडर्ड आहेत."

"उत्तमच आहेत," मी म्हणालो. "चौकशी करूनच घेतली."

"तसं नाही हो साहेब. स्टँडर्ड म्हणजे न घासलेल्या क्रँकची. तुमचा क्रँक कालच झाला. ओरखडे खोल होते, वीस थाऊ घासावा लागला. दांडा वीस थाऊ बारीक झाला, म्हणजे वाट्यांची जोडी मिळून तेवढी जाड पाहिजे. त्याला विसाची बेअरिंगं म्हणतात. ही घातली असती तर क्रँक आत खुळखुळ्यासारखा वाजला असता. आधी मोजायचं असतं, मग घ्यायचं असतं. घासून झाला की या म्हटलं होतं ना?" त्यांनी वाट्या परत माझ्या हातात दिल्या. "तुम्ही नोकरीला कुठे आहात म्हणालात?"

"पोस्टात," मी म्हणालो.

घरी येताना मी मनाशी हिशेब मांडला. दोन माणसांचं वैर, दुपारभराची घासाघीस आणि चार दिवसांचा अबोला, आणि हे सगळं कशासाठी, तर जी बेअरिंगं मुळात बसणारच नव्हती त्यांच्यासाठी. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे वरात निघायच्या आधीच घोडं भलत्या मांडवात जाऊन उभं होतं. घरी गेल्यावर मी आईजवळ बसलो आणि म्हणालो, "तू घासली नसतीस तरी ती फुकटच होती." यापेक्षा स्पष्ट माफी आमच्या घराण्यात आजवर कोणी मागितलेली नाही. आईने ती स्वीकारली आणि माझी चप्पल घासायला घेतली.

आता तीस तारखेला अकरा दिवस उरले होते. विसाच्या मापात तीन धातूंची बेअरिंगं यायला दीड महिना लागणार होता. मिस्त्रींच्या फळीवर त्या मापाचा एकच जोड होता. अ‍ॅल्युमिनियमचा, साधा, धूळ बसलेला. म्हणजे चार महिने दोन विद्वान ज्यावरून भांडले तो प्रश्न शेवटी फळीने सोडवला. प्राध्यापकांनी जिंकल्यासारखा चेहरा केला आणि काका तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

त्या रात्री जेवताना मी ताटातला भात नुसता चिवडत होतो. मेव्हण्याचा फोन आला होता. भंगारवाला एकतीसला सकाळी यायला तयार आहे, असं त्याने अगदी मायेने कळवलं होतं. माझी पाचावर धारण बसली होती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. बढाई मारली मी, आणि गाडी जाणार होती हिची.

"अहो," ही म्हणाली, "रविवारी मी येते मिस्त्रींकडे."

"तू? तू काय करणार?"

"मोजीन," ही म्हणाली.

ही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सुईच्या टोकावरचे थेंब मोजते. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं की घरात मोजणारं माणूस आहे.

रविवारी मिस्त्रींच्या दुकानात इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सगळं बसतं तो लोखंडी सांगाडा, आणून उलटा ठेवला. मी मोठ्या रुबाबात पहिली वाटी उचलून बसवायला गेलो, तर हिने माझं मनगट धरलं. "यात भोक नाहीये. तेल कुठून येणार?" वाट्यांच्या जोडीतल्या एकीला तेलासाठी भोक असतं, दुसरीला नसतं. भोकाची ब्लॉकमध्ये बसते, बिनभोकाची झाकणात. उलटं केलं तर क्रँकला तेलाचा थेंब मिळत नाही आणि इंजिन पाच मिनिटांत जळतं. मिस्त्रींनी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला पाना हिच्याकडे दिला. मला वही दिली. "तुम्ही आकडे लिहा साहेब. पोस्टातल्यांचं अक्षर चांगलं असतं."

"पोस्टातले?" ही म्हणाली. "हे वजनमापे खात्यात आहेत."

मिस्त्रींनी मान खाली घालून आधीच पुसलेलं झाकण पुन्हा पुसायला घेतलं.

मोजण्याची रीत मोठी गमतीची असते. दांड्यावर मेणाच्या दोऱ्याचा बारीक तुकडा ठेवायचा, झाकण आवळायचं, पुन्हा काढायचं आणि दोरा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. जास्त चपटा म्हणजे फट कमी. ही एकेक आकडा सांगत गेली. "दोन. दोन आणि थोडं. दोन. दोन." पाचव्यावर थांबली. "इथे एकसुद्धा नाही."

मिस्त्रींनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. बेअरिंग खराब? क्रँक वाकडा? दुसरा जोड गावात नव्हता. हिने वाटी उचलली, तिची पाठ उजेडात धरली, आणि पर्समधून चिमटा काढून काहीतरी अलगद ओढलं. एक केस. पांढरा, आखूड.

मिस्त्रींचे केस काळेभोर आहेत. हिचे लांब. दोघांनीही माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "बाहेर स्टूल आहे."

मी बाहेर स्टुलावर बसून वहीत पाचवा आकडा लिहिला. दोन. फार सुवाच्य लिहिला.

मंगळवारी मी कार्यालयात असताना, हिची ड्यूटी दुपारीच संपल्यामुळे, हिने आणि मिस्त्रींनी पिस्टन बसवून इंजिन पुरं केलं. अठ्ठावीस तारखेला ते गाडीत चढलं. हिने किल्ली फिरवली. आवारात काका होते, प्राध्यापक होते, आई हातात फडकं घेऊन उभी होती. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. लाल दिवा विझला. काका आणि प्राध्यापक भान विसरून एकमेकांचा हात धरून उभे होते, आणि ते लक्षात आल्यावर त्यांनी तो घाईघाईने सोडला.

तीस तारखेला आम्ही परिवहन कार्यालयात. गाडी ही चालवत होती, शेजारी सासरे, मागे मी आणि मेव्हणा. मेव्हणा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आला होता. तपासनीस बाईंनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धूर पाहिला. सगळं नीट. मग त्यांनी माझा अर्ज उघडला.

अर्जात 'केलेल्या कामाचा तपशील' असा एक रकाना होता. चार ओळींचा. मी त्याला दोन पुरवण्या जोडल्या होत्या. 'इंजिनाची कार्यक्षमता आमूलाग्र वाढवण्यात आली असून' अशी सुरुवात होती.

बाईंनी चष्मा वर केला. "इंजिनाची ताकद वाढवली आहे?"

"भरपूर," मी म्हणालो.

"मग हे मूळ इंजिन राहिलं नाही. नमुना बारा भरायचा, मुख्य कार्यालयाची मंजुरी आणायची. तीन महिने लागतील."

"पण दाखला आज संपतोय!"

"मग आज संपेल," बाई म्हणाल्या.

मेव्हण्याने खिशातला फोन चाचपला. सासऱ्यांना नीट ऐकू गेलं नसावं. ते गाडीतच बसून होते, दार धरून.

"मॅडम," ही म्हणाली, "ताकद वाढवलेली नाहीये."

"वाढवली आहे!" मी म्हणालो. माणसाचा स्वाभिमान कुठल्या क्षणी जागा होईल याचा नेम नसतो. "उंच डोक्याचे पिस्टन आहेत, मी स्वतः मागवलेत!"

"ते कपाटात आहेत," ही खालच्या आवाजात म्हणाली. "चादरींच्या खाली. मिस्त्री म्हणाले, या जुन्या ब्लॉकला ते झेपणार नाहीत, महिनाभरात फुटेल. आम्ही जुनेच साफ करून बसवले. बेअरिंगं साधी, पिस्टन जुने. तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही इतके खूश होता."

सहा महिने मी ज्या दणदणीत इंजिनाची व्याख्यानं दिली ते इंजिन आमच्या कपाटात चादरींखाली झोपलं होतं. तोंडात मारल्यासारखं झालं, आणि तेही मेव्हण्याच्या देखत.

"तोंडी चालणार नाही," बाई म्हणाल्या. "पुरवण्या मागे घ्या आणि लेखी द्या. अर्जदाराच्या हस्ताक्षरात. लिहा: इंजिनात कोणतीही विशेष सुधारणा केलेली नाही. ते पूर्वीसारखेच सामान्य आहे. खाली सही."

मी पेन हातात घेतलं. मेव्हणा माझ्या खांद्यावरून वाचत होता. मी गाडीकडे पाहिलं. सासरे खिडकीतून हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर हळूहळू थोपटत होते, आणि ही त्यांच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी लिहिलं. 'सामान्य' या शब्दावर पेन जरा अडलं, पण लिहिलं. सही केली. बाईंनी शिक्का मारला. मी आयुष्यात पुष्कळ शिक्के मारले आहेत, पण शिक्क्याचा आवाज इतका गोड असतो हे मला त्या दिवशी कळलं.

परत येताना ही मुद्दाम टेकडीच्या रस्त्याने आली. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. चढ लागला, हिने गिअर बदलला, इंजिनाचा आवाज जरा भरदार झाला आणि गाडी तिच्या नेहमीच्या संथ चालीने वर चढू लागली. एका ट्रकने आम्हाला मागे टाकलं. मग एका स्कूटरने टाकलं. मेव्हणा काही बोलला नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. वर गेल्यावर सासऱ्यांनी डोळे उघडले. ते ओले होते.

"अगदी पहिल्यासारखी वाजतेय," ते म्हणाले. मग मान वळवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "जावईबापू, काय काय केलंत हिला?"

सहा महिन्यांत हे मला विचारणारा पहिला माणूस. माझ्याकडे व्याख्यान तयार होतं.

"विशेष काही नाही, बाबा," मी म्हणालो. "पहिल्यासारखीच आहे." हे मी दुसऱ्यांदा सांगत होतो, आणि या वेळी कोणी सही मागितली नव्हती.

सासऱ्यांनी दाराच्या पत्र्यावर आणखी दोनदा थोपटलं.

"मग सहा महिने लागले कशाला?"

आधी मेव्हण्याला हसू फुटलं, मग मला. ही तर इतकी हसली की तिला गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.